चर्चगेटचे चर्च

बावीस वर्षे मी रोज सकाळी चर्चगेट स्टेशनवर उतरतो. रविवार, सुट्ट्या, संप आणि घरातल्या लग्नकार्यांच्या रजा वजा केल्या तरी पाच हजार वेळा सहज उतरलो असेन. या पाच हजार वेळांत 'चर्चगेट' या शब्दात एक चर्च आहे आणि एक गेट आहे, ही गोष्ट एकदाही माझ्या ध्यानात आली नव्हती. बोरिवलीहून फास्ट पकडणाऱ्या माणसाला चर्चगेट म्हणजे गाडीचे शेवटचे टोक. त्याच्या पुढे फक्त समुद्र आणि साहेब.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाखेत पाटण्याकडचा एक मुलगा नव्याने लागला. मुलगा हुशार. म्हणजे अजून प्रश्न विचारतो. दुसऱ्याच दिवशी त्याने भर काउंटरवर मला विचारले, "सर, ये चर्चगेट में चर्च किधर है?"

जुन्या कारकुनाला 'माहीत नाही' असे म्हणता येत नाही. फार तर 'सिस्टीम डाऊन आहे' एवढे म्हणता येते. मी म्हणालो, "है ना, इधर ही है." आणि हाताने जी दिशा दाखवली ती अशी गोल होती, की तीत नरिमन पॉइंटपासून मशीद बंदरपर्यंतची सगळी प्रार्थनास्थळे आली असती.

पण मनाला लागले. त्या दिवशी लंच अवरला डबा पंधरा मिनिटांत संपवला आणि बाहेर पडलो. फार लांब जावे लागले नाही. चर्च आमच्या शाखेपासून तीन मिनिटांवर निघाले! हॉर्निमन सर्कलच्या तोंडाशी, वीर नरिमन रोडवर. ज्या कुंपणाला लागून उभा राहून मी वर्षानुवर्षे चहा प्यायलो, त्याच कुंपणाच्या आत ते होते. सेंट थॉमस कॅथीड्रल. बाहेरून मी आजवर त्याला कुठल्यातरी जुन्या सरकारी खात्याचे ऑफिस समजत होतो. या भागात काळ्या दगडाचे काहीही दिसले की ते सरकारी खाते असते, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

गेटचा खुलासाही झाला. जुन्या मुंबईच्या किल्ल्याला तीन मोठे दरवाजे होते: अपोलो गेट, बाजार गेट आणि चर्च गेट. या चर्चकडे येणारा तो चर्च गेट. आज जिथे फ्लोरा फाउंटन आहे तिथेच तो आसपास होता. १८६० च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली, तिच्याबरोबर दरवाजाही गेला, आणि नाव तेवढे सरकत सरकत रेल्वे स्टेशनवर जाऊन बसले. आणखी एक गंमत म्हणजे इंग्रज अमदानीत मुंबईतली मैलांची अंतरे या चर्चपासून मोजत. रोमन आकडे कोरलेले मैलाचे दगड काळबादेवीपासून दादरपर्यंत अजून कुठे कुठे सापडतात. म्हणजे मुंबईचा शून्य इथे होता. मी बावीस वर्षे शून्याशेजारी बसून आकडेमोड करत होतो.

आत गेलो. बाहेरच्या हॉर्नचा आवाज एकदम कुणीतरी बटण दाबावे तसा कमी झाला. वर पंखे, खाली वेताची बाके, आणि भिंतीभर संगमरवर. कोण कुठला कॅप्टन लढाईत पडला, कोण कलेक्टर तापाने गेला, कोणाची बायको बोटीवर वारली. वये वाचत गेलो तर वीस, बावीस, सव्वीस. आमच्याकडे त्या वयात मुले अजून बँकांच्या परीक्षाच देत असतात. एका मोठ्या स्मारकाजवळ थांबलो. १७९५ ते १८११ मुंबईचा गव्हर्नर असलेल्या जोनाथन डंकनचे. काशीकडे आणि काठेवाडात नवजात मुलींना मारण्याची चाल बंद पाडल्याची नोंद त्याच्या दगडावर आहे. गव्हर्नरच्या पासबुकात अशी एक जमा असली की बाकीच्या नावे बाजूकडे लोक जरा कमी बघतात.

मी काही इतिहासाचा विद्यार्थी नव्हे. बी.कॉम. आहे. पण कॉमर्सवाल्याला एक सवय असते. कुठलीही इमारत पाहिली की 'किती सुंदर!' म्हणण्याआधी त्याच्या मनात येते, पैसा कुठून आला? मग महिनाभर लंच अवरला जुनी पुस्तके चाळली, आणि असे लक्षात आले की या चर्चचा सगळा इतिहास मुळात आमच्याच खात्यात मोडतो.

मुंबई इंग्रजांच्या राजाला पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर आंदणात मिळाली, आणि त्याने १६६८ साली ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. (हा भाडेकरार आठवून मुंबईतल्या कुठल्याही भाडेकरूने आज रडू नये.) पुढच्याच वर्षी गव्हर्नर होऊन आलेला जेराल्ड ऑंजिए हा दूरदृष्टीचा गृहस्थ. तोवर इंग्रज लोक किल्ल्यातल्या एका खोलीत प्रार्थना म्हणत. ऑंजिएने ठरवले, स्वतंत्र चर्च पाहिजे. चर्चसाठी चांदीचा पेला स्वतः दिला, वर्गणी सुरू केली, १६७६ साली पाया घातला आणि १६७७ साली सुरतेला जाऊन वारला.

इथून पुढची चाळीस वर्षे ओळखीची वाटतात. साहेब बदलले की आधीच्या साहेबाच्या योजनेचे जे होते तेच झाले. भिंती सुमारे पंधरा फूट वर आल्या होत्या, तिथेच थांबल्या. पावसाळ्यामागून पावसाळे त्यांच्यावरून गेले. त्या वेळी मुंबईची हवाच अशी होती, की इथे येणाऱ्या गोऱ्या माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हण पडली होती. दोन पावसाळे जगणारा माणूस चाळीस वर्षांचे बांधकाम कशाला बघतो?

आणि जमा झालेली वर्गणी? अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या एका कप्तानाने पुढे पुस्तक लिहिले. त्यात तो म्हणतो, पाच हजार पौंडांवर रक्कम जमली होती. सर जॉन चाइल्ड मुंबईचा कारभारी झाला, त्याने ती स्वतःकडे वळवली आणि पुन्हा तिचे नाव कोणी ऐकले नाही. आता हा हॅमिल्टन चाइल्डवर दात धरून होता, तेव्हा त्याची साक्ष जशीच्या तशी पास करता येणार नाही. पण चाइल्डच्या कारभाराचा एकूण ताळेबंद काही बरा नव्हता. त्याने थेट औरंगजेबाशी भांडण काढले. १६८९ साली जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान मुंबईत उतरला आणि किल्ला सोडून बाकीचे बेट घेऊन बसला. १६९० साली चाइल्ड मेला. कंपनीने बादशहाची माफी मागितली आणि दीड लाख रुपये दंड भरला. इतक्या गडबडीत चर्चचे पैसे कुठल्या खात्यात गेले हे कोण बघणार? आमच्याकडे अशा रकमांसाठी 'सस्पेन्स अकाउंट' असते. जिचा धनी सापडत नाही ती रक्कम तिथे टाकायची. मग ती तिथे म्हातारी होते.

१७१४ साली रिचर्ड कोब नावाचा तरुण पाद्री मुंबईत आला. त्याने त्या अर्धवट भिंती पाहिल्या आणि लोकांच्या मागे लागला. दुसऱ्या वर्षी नवा गव्हर्नर चार्ल्स बून आला, त्याने उचलून धरले. पुन्हा वर्गणी. सुरतेला पत्रे, मद्रासला पत्रे, बंगालला पत्रे, बोटींच्या कप्तानांना गळ. आपल्या गणपतीच्या वर्गणीवाल्यांना कोब हा नक्कीच आपला माणूस वाटला असता. त्या वर्गणीच्या यादीत एका अविवाहित गृहस्थाने आपल्या बायकोच्या वतीने रक्कम मांडली आहे, आणि पुढे खुलासा केला आहे की बायको अजून मिळायची आहे. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत मी जॉइंट अकाउंटचे नाना प्रकार पाहिले, पण हा नाही.

शेवटी १७१८ च्या नाताळच्या दिवशी चर्च उघडले. पायाभरणीपासून बेचाळीस वर्षांनी. त्या दिवसाची हकीगत कोबने स्वतः लिहून ठेवली आहे. गव्हर्नर कौन्सिलसह किल्ल्यातून मिरवणुकीने आला. चर्च सजवले होते कशाने? झावळ्यांनी आणि केळीच्या खांबांनी! मला हे वाचून फार बरे वाटले. विलायतेचा देव, पण स्वागत थेट सत्यनारायणाच्या पूजेसारखे. आत बसण्याच्या जागा हुद्द्याप्रमाणे लावून दिल्या होत्या. कौन्सिलवाले इथे, व्यापारी तिथे, कारकून मागे. अठराव्या शतकातही कारकून मागेच.

आणि बाहेर, दाराशी, एक पाहुणा उभा होता.

इंग्रजी कागदांत त्याचे नाव रामा कामती असे येते. आपल्याकडे राम कामत. शेणवी ज्ञातीचा मोठा व्यापारी, कंपनीचा जुना हितचिंतक. वाळकेश्वरचे देऊळ पोर्तुगीजांच्या काळात मोडले होते, ते १७१५ साली याच्याच पैशाने पुन्हा उभे राहिले. हा रामा कामती आपल्या ज्ञातीच्या मंडळींना घेऊन इंग्रजांच्या चर्चच्या उद्घाटनाला आला आणि प्रार्थना संपेपर्यंत सगळा वेळ बाहेर उभा राहिला. त्यांना आमची उपासनेची शिस्त फार आवडली, असे कोब कौतुकाने लिहितो. आता शिस्त आवडली, की निमंत्रण गव्हर्नरचे असल्यामुळे मध्येच निघता येईना, हे कोबला कसे कळावे? साहेबाच्या घरच्या मुंजीला मीही शेवटपर्यंत थांबलो आहे. पण मला आपले वाटते, तो मनापासून आला असावा. स्वतः देऊळ बांधून तीनच वर्षे झालेला माणूस दुसऱ्याचे देऊळ पुरे झालेले बघायला आला. बांधकामात किती घाम जातो ते त्याच्याएवढे त्या गर्दीत कोणाला ठाऊक होते?

या नाताळाच्या आधी काही आठवडे आणखी एक प्रकरण घडले होते. गव्हर्नर बूनने कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरीवर आरमार नेले आणि मार खाऊन परत आणले. आंग्रे हे कंपनीच्या पोटातले जुने दुखणे. आता मोठी तूट निघाली की कुठल्याही कचेरीत काय होते, ते मी सांगायला नको. 'कुठे चुकले' हा प्रश्न कोणी विचारत नाही. 'कोणी केले' असा विचारतात.

१७२० साली रामा कामतीला पकडले. आरोप असा, की तो आतून कान्होजींना सामील आहे, त्यांना बातम्या कळवतो. पुरावा म्हणून त्याच्या नावाचे, त्याच्या शिक्क्याचे पत्र पुढे आले. त्याच्या माणसाच्या अंगठ्यांना लोखंडी चाप लावून जबानी मिळवली. निकाल लागला: जन्मठेप, आणि सगळी मालमत्ता जप्त. घरदार, माल, सगळ्याचा लिलाव झाला. जो माणूस पूर्ण प्रार्थनाभर गव्हर्नरच्या दाराशी मानाने उभा होता, तो आठ वर्षे त्याच गावाच्या तुरुंगात राहून १७२८ साली मेला. पुढे निष्पन्न काय झाले? की ते पत्र बनावट होते. शिक्काही.

हे वाचले त्या दिवशी माझा लंच अवर संपून वीस मिनिटे झाली होती, आणि मी उठलो नाही.

कारण सांगतो. मी अनेक वर्षे पासिंगला आहे. म्हणजे चेकवरची सही आणि आमच्याकडची नमुन्याची सही ताडून बघायची आणि चेक पास करायचा. पूर्वी कार्डे असत, आता पडद्यावर दिसते, पण काम तेच. एक निवृत्त मास्तर आमचे खातेदार होते. हाताला कंप. त्यांचा चेक मी लागोपाठ तीनदा परत केला. 'सही जुळत नाही.' चौथ्यांदा मास्तर स्वतः आले. रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "अहो, ही सही माझी नाही असं तुमचं म्हणणं. मान्य. मग आता मी कोण, तेवढं सांगा." मला उत्तर आले नाही. मी नियम सांगितला.

आणि त्याच महिन्यात दुसऱ्या एका खात्यावरचा मोठ्या रकमेचा चेक मी डोळे मिटून पास केला. सही अशी सुंदर, की नमुन्यावर ठेवली तर केसाचा फरक नाही. ती सही खातेदाराच्या पुतण्याने केलेली होती! चौकशी झाली, मला मेमो मिळाला, पैसे सुदैवाने वसूल झाले. तेव्हा चौकशीला आलेले अधिकारी मला म्हणाले, "इतकी जुळली तेव्हाच तुम्हाला शंका यायला हवी होती. खरा माणूस दोनदा सारखी सही करतो का?" ही अक्कल मला ना बी.कॉम.ला कोणी शिकवली, ना बँकेच्या ट्रेनिंगमध्ये.

माझी चूक एका मेमोवर निभावली. कंपनीच्या कौन्सिलला तर मेमो द्यायलाही वर कोणी नव्हते. असता तरी तो लंडनला, सहा महिन्यांच्या बोटीवर.

कोबचेही पुढे धड झाले नाही. त्याच १७२० साली गव्हर्नर-कौन्सिलशी त्याचे बिनसले, नोकरी गेली, तो विलायतेला परतला. थकल्या वयात, १७६६ साली, त्याने मुंबईच्या चर्चचा सगळा पत्रव्यवहार छापून काढला. बडतर्फ कर्मचाऱ्यांना फायली जपून ठेवायची खोड असते, त्यामुळेच आपल्याला केळीचे खांब कळले.

कोबच्या वेळी या चर्चला कुणा संताचे नाव नव्हते. नुसते 'मुंबईचे चर्च'. सेंट थॉमसचे नाव देऊन विधिपूर्वक अभिषेक झाला तो १८१६ साली. हा थॉमस म्हणजे येशूच्या बारा शिष्यांतला शंकेखोर. येशू पुन्हा उठला असे बाकीचे सांगू लागले तेव्हा हा म्हणाला, जखमेत बोट घालून बघितल्याशिवाय मी मानणार नाही. म्हणजे शंभर टक्के पासिंग क्लार्क! आमच्या खात्याचा याहून योग्य संत सापडणार नाही. फक्त मुंबईला तो शहाण्णव वर्षे उशिरा मिळाला.

थॉमसचे नाव द्यायला इतकी वर्षे का लागली? कारण अभिषेक करायला बिशप लागतो, आणि हिंदुस्थानात इंग्रजांच्या चर्चचा बिशपच नव्हता. १८१३ च्या सनदेनंतर पहिला बिशप नेमला, थॉमस मिडलटन, कलकत्त्याला. त्याचा धर्मप्रांत म्हणजे कंपनीचा सगळा मुलूख. त्याच्यानंतरच्या बिशपकडे तर ऑस्ट्रेलियाही जोडून दिला. मुख्य कचेरी कलकत्त्याला आणि शाखा सिडनीला! बदलीच्या ऑर्डरी निघत असत्या तर काय झाले असते, या विचाराने आमच्या युनियनला घाम फुटावा.

१८३७ साली मुंबईचा वेगळा धर्मप्रांत झाला. पहिला बिशप थॉमस कार, आणि हे चर्च झाले कॅथीड्रल. कॅथीड्रल म्हणजे आकाराने मोठे चर्च, अशी माझी समजूत होती. तसे नाही. ज्या चर्चमध्ये बिशपची खुर्ची असते ते कॅथीड्रल. सगळा महिमा खुर्चीचा आहे. हे वाचून धर्म आणि बँक यांत मी समजत होतो तेवढे अंतर नाही, असे वाटले. पुढच्याच वर्षी, १८३८ साली, चर्चवर घड्याळाचा मनोरा चढला. १८६० च्या दशकात ट्रबशॉ नावाच्या वास्तुविशारदाने वेदीकडची बाजू वाढवली. त्याच सुमारास दारापुढे कारंजे आले. आराखडा विलायतेतल्या सर गिल्बर्ट स्कॉटचा, आणि पैसा कावसजी जहांगीर या पारशी गृहस्थाचा. यांचे आडनाव रेडीमनी. चाळीस वर्षे वर्गणी हरवलेल्या चर्चच्या दारात शेवटी रेडीमनी उभा राहिला, हा न्याय मला आवडला.

धर्मप्रांताचा कारभार मुंबईपुरता नव्हता, घाटावरही होता. तिथली त्याची सगळ्यांत गाजलेली घटना म्हणजे प्रवचन नव्हे, चहा. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये ऑक्टोबर १८९० मध्ये पाद्र्यांनी सभेनंतर चहा-बिस्किटे पुढे केली. हजर मंडळींत न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले. कोणी प्यायले, कोणी नुसते कपाला हात लावून ठेवले. गोपाळराव जोश्यांनी नावे जाहीर केली, आणि पुण्यात जे ग्रामण्य उसळले ते शंकराचार्यांपर्यंत गेले. प्रायश्चित्ते झाली, वाद झाले, वर्षानुवर्षे पुरले. अँग्लिकन पंथाने हिंदू धर्माला इतके हलवले ते बायबलने नाही, एका कपाने. तेही पुण्यात, जिथे पाहुण्याला चहा मिळणे हीच मुळात बातमी!

हे सगळे वाचून मी पुन्हा एकदा चर्चमध्ये गेलो. या वेळी तिथल्या राखणदाराशी बोललो. साठीचे गृहस्थ, मराठी बोलणारे, नाशिकचे. मी 'नाशिकला कुठे?' विचारले तर म्हणाले, "शरणपूर." शरणपूर रोडवर माझी मावशी राहते, पण शरणपूर म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हते. मिशनने वसवलेली ती वस्ती. अरबी बोटींतून सोडवलेल्या आफ्रिकी गुलामांची मुले तिथे ठेवली, शिकवली. त्यांतलाच जेकब वेनराइट हा लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात होता. १८७४ साली त्याचे शव घेऊन तो पार लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत गेला. नाशकात शिकलेला मुलगा! मावशीला सांगितले पाहिजे, म्हणजे तिचा जागेचा भाव वाढेल.

"मग तुमचा धर्मप्रांत मुंबईच ना?" मी विचारले.

"छे हो. नाशिक वेगळा झाला १९२९ लाच. आणि १९७० साली तर सगळं मर्जर झालं."

मर्जर हा शब्द त्यांनीच वापरला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा निरनिराळी चर्चे एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाले, आणि मुंबईचा अँग्लिकन धर्मप्रांत त्यात विलीन झाला. वाटाघाटी चाळीस वर्षे चालल्या होत्या, आणि त्यांतला एक मोठा मेथॉडिस्ट गट अगदी शेवटच्या घटकेला बाहेर पडला. आमचेही मर्जर झाले आहे. फरक एवढाच, की आम्हाला कोणी चाळीस वर्षे दिली नाहीत. एका शुक्रवारी टीव्हीवर कळले आणि पाटी बदलली.

"त्रास झाला असेल," मी म्हटले.

"पाटी बदलली. देऊळ तेच आहे," ते म्हणाले. मराठी ख्रिस्ती माणसे चर्चला देऊळ म्हणतात, ते मला त्या दिवशी कळले.

मग मी भिंती वाचत सुटलो. डावी बाजू, उजवी बाजू, खांबामागचे दगड, जमिनीतले दगड. लढाईत मेलेले, तापाने मेलेले, बुडालेले, निवृत्त होऊन विलायतेला सुखाने मेलेले सुद्धा. पंचम जॉर्ज आणि राणी १९११ साली इथे प्रार्थनेला बसले त्या खुर्च्याही जपून ठेवल्या आहेत. २००४ साली चर्चच्या डागडुजीला युनेस्कोचे बक्षीस मिळाले, तेव्हा दगडही स्वच्छ, अक्षरेही वाचण्याजोगी. तरी मला जे पाहिजे होते ते कुठे दिसले नाही.

"काय शोधताय?" राखणदार जवळ येऊन उभे राहिले.

"एक नाव."

"नातेवाईक का?"

"नाही हो. उद्घाटनाला आलेले एक गृहस्थ. बाहेर उभे होते."

ते थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिले. "बाहेर उभे असलेल्यांची नावं आत कशी असतील, साहेब?" असे म्हणाले आणि पुढच्या बाकावरची धूळ झटकू लागले.

घड्याळ बघितले तर सव्वादोन. धावत शाखेत आलो. पाटण्याचा मुलगा माझ्या टेबलाशी एक चेक घेऊन उभाच होता.

"सर, चर्च मिला?"

"मिला."

"और गेट?"

"गेट तोड़ दिया. डेढ़ सौ साल हो गये."

"अच्छा," तो म्हणाला आणि त्याने चेक पुढे केला. "सर, ये साइन मैच नहीं हो रहा है. रिटर्न कर दूँ?"

काउंटरच्या पलीकडे एक आजीबाई उभ्या होत्या. हातात पासबुकाची पिशवी, बोटे थरथरत होती. मी चेक घेतला आणि त्याला म्हणालो, "पहले उनको बैठने के लिए कुर्सी दे."